सहा महिने पोरीला ठेवायचं कुठं?

दसरा झाला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांमध्ये ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या चकरा वाढतात. उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम, पावसाळ्यातच घेऊन झालेली असते. कुणाचं त्यातून थोरल्या मुलीच्या लग्नाचं देणं फिटलेलं असतं, कुणाचं दवाखान्याचं. आता ती फेडायला निघायचं असतं. दिवाळीच्या आगेमागे ट्रक आणि ट्रॅक्टर गावात येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, पिठाचे डबे, गोधड्या, ताडपत्री, कोपीसाठी बांबू, दोन शेळ्या, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज, गेवराई या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांमधून ही माणसं सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगरकडे जातात, काही थेट कर्नाटकात बेळगावकडे. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गावात उरतात ती म्हातारी माणसं, थोडी लहान मुलं आणि दारांना लागलेली कुलुपं.

निघण्याच्या या धांदलीत ज्या घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी असते, तिथं एक प्रश्न हमखास येतो. तिला ठेवायचं कुठं?

बरोबर न्यावी, तर फडाच्या कडेला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. तिला दार नसतं, असलं तर कडी नसते. संडास नाही, न्हाणीघर नाही. पहाटे तीन-चारला आईबाप तोडीला जाणार, ते अंधार पडल्यावर परतणार, आणि वाहन उशिरा आलं तर रात्री पुन्हा मोळ्या भरायला जाणार. तोवर मुलगी कोपीत एकटी, धाकट्या भावंडांना सांभाळत. गावात ठेवावी, तर घरात थकलेली आजी, जिला संध्याकाळी नीट दिसतही नाही. शाळा आठवीनंतर दुसऱ्या गावात, रस्ता ओसाड, एसटी वेळेवर येईलच असं नाही. मावशीकडे ठेवावी, तर मावशीही तोडीलाच निघालेली असते. मग चार घरं फिरून कुणीतरी स्थळ सुचवतं. मुलगा कामाचा आहे, देणंघेणं फार नाही, थोरलीच्याच मांडवात धाकटीच्याही अक्षता टाकून घेऊ. आईबापांच्या अडचणीवर निघालेला हा तोडगा असतो, आणि त्याची किंमत मुलगी आयुष्यभर मोजते.

बालविवाह म्हटलं की आपण रूढी, अज्ञान आणि परंपरा हे तीन शब्द पुढं करतो. ते सगळेच खोटे आहेत असं नाही. ‘पोरगी शहाणी झाली’ की घराची झोप उडते, आणि तिचं नाव कुणाशी जोडलं जाण्याआधी तिला उजवून टाकावं ही घाई जातीच्या इभ्रतीतूनच येते. पण ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या बालविवाहाला रूढी म्हणून सोडून दिलं की साखर कारखाना, मुकादम, शाळा आणि सरकार हे सगळे त्यातून अलगद सुटतात. मग आरोपीच्या पिंजऱ्यात एकटा अडाणी बाप उरतो. मला हे मान्य नाही. या भागात मुलीचं लवकर लग्न होतं त्याचं मोठं कारण तिला सुरक्षित ठेवायला जागा नाही हे आहे, आणि ती जागा उभी करणं या राज्याच्या आवाक्याबाहेरचं कधीच नव्हतं.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. वीस ते चोवीस वर्षं वयाच्या स्त्रियांपैकी किती जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालं, हे त्यात विचारलं होतं. देशाचं प्रमाण २३.३ टक्के निघालं, महाराष्ट्राचं २१.९ टक्के. बीडचं मात्र ४३.७ आणि शेजारच्या परभणीचं ४८ टक्के. स्त्रीशिक्षणाचा इतिहास अभिमानानं सांगणाऱ्या राज्यात एक जिल्हा असा आहे की जिथं जवळपास दर दुसऱ्या मुलीच्या अंगाला कायद्याच्या वयाआधी हळद लागते. परभणी-बीडच्या खालोखाल धुळे आणि सोलापूरही चाळीस टक्क्यांच्या घरात आहेत. प्रश्न एकट्या बीडचा नाही. पण बीडमध्ये तो ज्या यंत्रणेतून तयार होतो ती यंत्रणा उघडी दिसते, म्हणून हा लेख बीडवर थांबतो.

ही यंत्रणा कोयत्यानं मोजली जाते. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. रक्कम पन्नास हजारांपासून लाखाच्याही पुढं जाते. एकट्या पोराला एक तर कुणी उचल देत नाही, किंवा मग निम्मी देतात. त्यामुळं मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की त्याच्या घरालाही घाई होते. सून आली की कोयता पुरा होतो, नवी उचल मिळते, आणि त्यातून जुनं देणं फिटतं किंवा लग्नाचाच खर्च निघतो. मुलीच्या घरी सुरक्षिततेची चिंता, मुलाच्या घरी हातांची गरज. या दोन गरजा पावसाळ्यात एकमेकींना भेटतात आणि मुलीचं वय विचारायचं राहून जातं. हुंड्याचं गणितही याच बाजूनं चालतं. मुलगी जेवढी शिकेल आणि मोठी होईल, तेवढा शिकलेला मुलगा बघावा लागतो आणि तेवढा हुंडा चढतो. बापाच्या हिशेबात दहावी पास मुलगी सातवी पास मुलीपेक्षा महाग पडते.

लग्नानंतर ती मुलगी थेट फडात जाते. चांगली जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. पुरुष तोडतो, बाई तोडते, साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. त्याआधी स्वयंपाक झालेला असतो, नंतर पुन्हा स्वयंपाक करायचा असतो. एखादा दिवस कामावर न गेल्यास खाडा धरला जातो आणि त्याचा दंड उचलीत चढतो, मग कारण पाळी असो, ताप असो की गर्भपात. बाळंतपणाच्या तोंडावर आलेल्या बायका फडात काम करताना दिसतात त्या याच धाकानं.

या धाकाचा शेवट कुठवर जातो, ते २०१९ मध्ये सगळ्या देशानं वाचलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जात असल्याच्या बातम्या आल्यावर राज्य सरकारनं विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात सोळा-सतरा. बातम्यांचा सगळा रोख पैशासाठी कापाकापी करणाऱ्या खासगी दवाखान्यांवर राहिला, आणि तो योग्यही होता. पण त्याच आकड्यांच्या पोटात बालविवाह होता. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, बाळंतपणानंतर विश्रांती नाही, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही आणि डोक्यावर ओझं. पंचविशीत अंगावरून जाणं आणि पोटदुखी सुरू होते, आणि डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाकू. मुलं झालेली असतात, खाडे परवडत नाहीत. ती हो म्हणते. शस्त्रक्रियेचे पैसे पुन्हा उचलीतून येतात, आणि ती उचल फेडायला ती पुढच्या हंगामात पुन्हा फडात उभी असते.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं आणि फुलर प्रोजेक्ट या संस्थेनं हीच साखळी कर्ज, बालविवाह, गर्भाशय अशी मांडली, आणि ही साखर कोका-कोला आणि पेप्सिकोसारख्या कंपन्यांपर्यंत जाते हे दाखवलं. जगभर चर्चा झाली. आपल्याकडं मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्या बीडमध्ये हेच वर्षानुवर्षं सांगत होत्या, हेही इथं नोंदवलं पाहिजे.

लग्न लावल्यानं मुलगी खरंच सुरक्षित होते का? आईबापांचा सगळा हिशेब या एका गृहीतावर उभा आहे, म्हणून हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. कोपीत आधी ती आईबापांजवळ होती, आता परक्या माणसांत आहे, एवढाच फरक पडतो. फडावर तिचं शोषण करू शकणारी माणसं तीच राहतात: ज्याच्या हातात उचल आहे तो, ज्याच्या हातात वाहन आहे तो, ज्याच्या शेतातल्या विहिरीचं पाणी भरायचं आहे तो. तक्रार कुठं करायची? पोलीस ठाणं परक्या जिल्ह्यातलं, बेळगावात भाषाही परकी. गुन्हा कुठंही घडला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावाच लागतो, हे ज्यांना माहीत असायला हवं त्यांनाच माहीत नसतं. आणि तक्रार केली तर मुकादम पूर्ण कुटुंबाला कामावरून काढणार, उचल मात्र डोक्यावर राहणार. गप्प राहणं हे त्या कुटुंबाला परवडतं, बोलणं परवडत नाही.

घरातला छळ तर वेगळाच. नोव्हेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातून एक बातमी आली. लहान वयात लग्न झालेली एक मुलगी सासरच्या छळाला कंटाळून बाहेर पडली. माहेरी आसरा मिळाला नाही. काम शोधायला ती तालुक्याच्या गावी आली, तिथं कामाच्या आमिषानं तिला जाळ्यात ओढलं गेलं आणि मग महिनोन्‌महिने तिच्यावर अत्याचार होत राहिले. तिनं तक्रारीत शेकडो पुरुषांबद्दल सांगितलं; दाद मागायला गेली तेव्हा एका पोलिसानंही तेच केलं असं ती म्हणाली. राज्य हादरलं, चार दिवस चर्चा झाली. त्या चर्चेत अत्याचार करणाऱ्यांची संख्या सगळ्यांच्या तोंडी होती. तिचं लग्न कुणी लावलं, ते होताना गावात कुणाकुणाला माहीत होतं, सासरहून आलेल्या मुलीला आत घ्यायला एकही दार का उघडलं नाही, हे फारसं कुणी विचारलं नाही. बालविवाह आणि देहव्यापारासाठीची मानवी तस्करी यांची खाती आपण वेगळी ठेवतो. सासर सुटलेली, माहेर बंद झालेली, शिक्षण अर्धवट राहिलेली सोळा वर्षांची मुलगी ही तस्करांना हवी असते तशीच मुलगी असते.

कायद्याला हे नातं कळतं. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ चा. तो १ नोव्हेंबर २००७ पासून लागू आहे. मुलीला फूस लावून, जबरदस्तीनं किंवा लग्नासाठी विकून झालेलं लग्न त्याच्या बाराव्या कलमानं मुळातच रद्दबातल ठरतं. इतर बालविवाह मात्र आपोआप रद्द होत नाहीत. ज्या मुलीचं लहानपणी लग्न झालं, तिनं स्वतः न्यायालयात अर्ज करायचा, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत. अल्पवयीन मुलीशी लग्न करणाऱ्या प्रौढ पुरुषाला, लग्न लावणाऱ्याला, त्याला हातभार लावणाऱ्याला आणि ते होऊ देणाऱ्या पालकांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बाईला कैदेची शिक्षा देता येत नाही. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. न्यायदंडाधिकाऱ्यानं मनाई हुकूम काढल्यावरही लग्न लावलं तर ते लग्न ठरतच नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ तर आणखी पुढं जातो. जिचं लग्न लहान वयात होण्याचा धोका आहे अशी मुलगी ही काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक आहे, असं तो म्हणतो. म्हणजे लग्न होण्याची वाटही पाहायची गरज नाही. धोका दिसला की सरकारची जबाबदारी सुरू होते.

कागदावर हे सगळं भक्कम आहे. गावात काय होतं ते बघू. महाराष्ट्रात ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि त्याला साहाय्य करणारी अंगणवाडी सेविका. ग्रामसेवकाकडं अनेकदा एकाहून अधिक गावं असतात आणि तो राहतो तालुक्याला. अंगणवाडी सेविका मात्र त्याच गल्लीत राहते. लग्नाची बातमी तिला सगळ्यांत आधी कळते, आणि ती तिनं वर कळवली की कळवणारी कोण हे गावालाही लगेच कळतं. तिला ज्या विहिरीवर पाणी भरायचं आहे तिथंच मुलीची चुलती उभी असते. एवढ्या तुटपुंज्या मानधनावर आपण तिच्याकडून केवढं धाडस मागतो, याचा विचार मुंबईत नियम लिहिताना झालेला दिसत नाही.

तरीही कुणीतरी १०९८ फिरवतं. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या एका उपक्रमातून जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केलेली ही मदतवाहिनी आज देशभर आहे. फोन जातो, जिल्हा बाल संरक्षण कक्ष हलतो, पोलीस आणि ग्रामसेवक मांडवात पोचतात. शाळेचा दाखला मागवला जातो. मुलगी पंधराची निघते. आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतलं जातं, मुलीला बालकल्याण समितीपुढं उभं केलं जातं, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘बालविवाह रोखला’ अशी बातमी येते. ही माणसं मोलाचं काम करतात. रात्री-अपरात्री, शिव्या खात, कधी दगड खात करतात. पण त्या बातमीनंतर त्या मुलीचं काय झालं? ज्या कारणानं लग्न ठरलं होतं ते कारण जिथल्या तिथंच आहे. ट्रक यायचे आहेत, आजी म्हातारी आहे, कोपीला दार नाही. आठ-पंधरा दिवसांनी दुसऱ्या जिल्ह्यात, एखाद्या देवळात, चार माणसांत लग्न उरकलं जातं. रोखलेल्या लग्नांचा आकडा सरकारी अहवालात राहतो. अठराव्या वर्षापर्यंत त्यांतल्या किती मुली खरोखर अविवाहित राहिल्या, हा आकडा अहवालात असायला हवा.

आणि रोखलेल्या लग्नांचं प्रमाण तरी केवढं? २०२२ मध्ये राज्य सरकारनं मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं की आदिवासीबहुल सोळा जिल्ह्यांत तीन वर्षांत १५,२५३ बालविवाह झाले आणि १,५४१ रोखता आले. कुपोषणाच्या प्रकरणात ही माहिती पुढं आली, आणि ते स्वाभाविकच होतं. सोळा वर्षांच्या आईचं मूल अनेकदा कमी वजनाचं जन्मतं.

इथं कायद्यातला एक पेच सांगितला पाहिजे, कारण तो थेट मुलीच्या जिवावर येतो. ११ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं ‘इंडिपेन्डन्ट थॉट’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला की अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच आहे. त्याआधी कायदा ही वयोमर्यादा पत्नीसाठी पंधरावर थांबवत होता. निकाल योग्य होता. लग्न झालं म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीचं शरीर नवऱ्याच्या मालकीचं होत नाही. पण २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, डॉक्टरवरही. न कळवल्यास कैद होऊ शकते. म्हणून सोळा वर्षांची गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात आली की डॉक्टरपुढं दोनच रस्ते उरतात: पोलिसांना फोन, किंवा केसपेपरवर वय एकोणीस. कुटुंबांना हे कळून चुकलंय. त्यामुळं मुलीला दवाखान्यातच नेत नाहीत, नेली तर दुसऱ्या जिल्ह्यात आणि वाढवून सांगितलेल्या वयावर. जिला तपासणीची सर्वांत जास्त गरज, तिचंच गरोदरपण लपवलं जातं. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव पोलिसांना न सांगण्याची मुभा डॉक्टरांना दिली. बाळंतपणासाठी आलेल्या मुलीलाही तेवढाच आडोसा मिळायला हवा. आसामात फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारनं हजारो लोकांना एकदम अटक केली, तेव्हा गरोदर मुली दवाखान्यांपासून आणखी लांब गेल्या. १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही शिक्षेपेक्षा प्रतिबंधावर भर द्यायला सांगितलं. मुलींचं लग्नाचं वय एकवीस करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत आलं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. बारगळलं ते बरं झालं. ज्यांना मुलीला अठरापर्यंत सांभाळायला जागा देता आली नाही, त्यांनी एकवीसचा आकडा लिहून तिच्या आईबापांना आणखी तीन वर्षं गुन्हेगार ठरवायचं, यात मुलीचं काही भलं नव्हतं.

वय वाढवण्याची लढाई महाराष्ट्रानं पूर्वी लढली आहे, आणि ती कशामुळं जिंकता आली याची आठवण आज करायला हवी. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. त्या सासरी गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या, वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी त्यांना नांदायला पाठवावं म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला. तो अपिलात फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं: नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. टिळकांचं वृत्तपत्र त्यांच्या विरोधात होतं, बहुतेक समाज विरोधात होता. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत-राजकोटमध्ये हजारो बायकांवर उपचार केले. त्या वादळातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि दहाचं वय बारा झालं. पुढं १९२९ चा सारडा कायदा, चौदा वर्षं. १९७८ मध्ये अठरा.

रखमाबाईंचं धैर्य आपण गौरवतो, पण त्या ज्या घरात राहून ‘नाही’ म्हणत होत्या ते घर विसरतो. दावा लागला तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर होतं, पाठीशी आई होती, हातात पुस्तकं होती. सखाराम अर्जुन यांनी दार बंद केलं असतं, तर खटला उभाच राहिला नसता. आपल्या सुधारकांना हे पुरतं ठाऊक होतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, नंतर केडगावला मुक्ती सदन. कायद्यासाठी भांडणारी ही माणसं कायद्याची वाट पाहत बसली नाहीत. त्यांनी आधी घरं उघडली.

ऊसतोड मजुरांच्या मुलींसाठी अशी घरं कागदावर आहेत. ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना जवळच्या नियमित शाळेत घालायचं धोरण आलं, हातात शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आली. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आली. बऱ्याच ठिकाणी मुलं तिथं फक्त जेवतात आणि झोपायला आजीकडं किंवा नातेवाइकांकडं जातात. म्हणजे वसतिगृह नावाची गोष्ट दिवसा असते आणि मुलीला ज्या वेळी तिची गरज असते त्या रात्री नसते. शिवाय ही सोय आठवीपर्यंतच्या मुलांना धरून आखलेली. नववी-दहावीचं वय, म्हणजे नेमकं ज्या वयात लग्नं होतात ते वय, बाहेर राहिलं.

२०२१ मध्ये सरकारनं संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली. ४१ तालुक्यांत प्रत्येकी दोन, एक मुलींचं आणि एक मुलांचं, अशी ८२ वसतिगृहं, प्रत्येकात शंभर जागा. कल्पना अगदी योग्य आहे. पण साधा हिशेब करा. मुलींच्या वाट्याला ४१ वसतिगृहं, म्हणजे राज्यभरात ४,१०० जागा, त्याही सगळी वसतिगृहं पूर्ण क्षमतेनं चालली तर. एकट्या बीडमध्ये पाहणी झालेल्या ऊसतोड स्त्रियाच ८२ हजारांवर होत्या. त्यांच्या घरांत दहा ते अठरा वयाच्या मुली किती असतील, याचा अंदाज वाचकांनी करावा.

पैसा नाही, हे उत्तर चालणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागं कारखान्यांनी दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलं. चांगल्या हंगामात राज्यात सुमारे दहा कोटी टन ऊस गाळला जातो. कारखान्यांचे शंभर कोटी आणि सरकारचे शंभर कोटी, दर वर्षी. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीनं तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. तिचं स्वागत आहे. पण त्या वाटाघाटींच्या टेबलावर मुलींच्या राहण्याचा विषय दराइतक्या जोरात कधी मांडला जात नाही, कारण टेबलाभोवती कारखानदार असतात, पुढारी असतात, मुकादमांच्या संघटना असतात. मोळी डोक्यावर घेणारी बाई तिथं क्वचितच बसलेली असते.

काय करता येईल हे गूढ नाही. मुलींची वसतिगृहं बारावीपर्यंतच्या मुलींसाठी, रात्रीच्या मुक्कामाची, अधीक्षिका तिथंच राहणारी, आणि दसऱ्याच्या आत सुरू झालेली हवीत. डिसेंबरात सुरू झालेल्या वसतिगृहाचा उपयोग नाही, तोवर लग्नं झालेली असतात. गाव सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद ग्रामपंचायतीनं ठेवावी आणि त्यात मुलींची नावं, वयं आणि त्या सहा महिने कुठं राहणार हे लिहावं. लग्न रोखलेल्या मुलीला त्याच आठवड्यात वसतिगृहात जागा मिळावी आणि अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत दर तीन महिन्यांनी कुणीतरी तिला जाऊन भेटावं. जिचं लग्न झालंच आहे तिला दवाखान्यात, शाळेत आणि वसतिगृहात परत यायला मोकळीक हवी. विवाहित आहे म्हणून शाळेनं तिचं नाव काढू नये. उचल नवरा-बायकोच्या जोडीच्या नावावर न देता माणसागणिक द्यावी आणि बाईची मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी. अर्धा कोयता आणि पुरा कोयता हा फरक जोवर पैशांत मोजला जातो, तोवर लहान मुलींना सून म्हणून मागणी येतच राहणार.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी कित्येक जण सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत राहतात, आणि त्यांतले बरेच सहकारी साखर कारखान्यांचे सभासद आहेत. त्यांच्याशी मला थेट बोलायचं आहे. आपण वार्षिक सभेत एफआरपीवर बोलतो, उताऱ्यावर बोलतो, काटामारीवर बोलतो. यंदाच्या सभेत तीन प्रश्न लेखी विचारा: आपल्या कारखान्याच्या तोडणी कामगारांत अठरा वर्षांखालच्या किती विवाहित मुली आहेत, तळावर संडास आणि दाराची खोली किती कुटुंबांना आहे, आणि महामंडळाचे प्रति टन दहा रुपये आपण भरले का? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. आपल्या शिवारात तोडणीची टोळी उतरली तर कोपीत शाळेच्या वयाची मुलगी दिसते का ते पाहा, गावच्या मुख्याध्यापकांना सांगा, तिला वर्गात बसवा. लग्नाचा सुगावा लागला किंवा एखादी मुलगी अडचणीत दिसली तर १०९८ ला फोन करा. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, आणि आपलं नाव सांगायची सक्ती नाही.